गाळलेलं पद

वसंतपूजेला भावाकडे जाताना विद्युल्लता दर वर्षी अहिल्याबाई घाटावर नाव करायची आणि बालाजी घाटाला उतरायची. गल्ल्यांतून सांड, स्कूटर आणि यात्रेकरू चुकवत जाण्यापेक्षा ते बरं, शिवाय नावाड्याशी भाड्यावरून भांडायला मिळे. भांडणाने तिला नेहमीच तरतरी येई. यंदा मात्र त्याने मागितले तेवढे पैसे तिने मुकाट काढून दिले. म्हातारा नावाडी चपापलाच.

"दीदी, तबियत ठीक बा न?" त्याने विचारलं.

तब्येत ठीक होती. आज तोंडातून जो शब्द काढायचा होता तो ठीक नव्हता.

धाकटा भाऊ प्रसन्न याची मुलगी मैत्रेयी एकवीस वर्षांची झाली होती. नवव्या वर्षापासून तिची नजर अधू होत गेली आणि तेराव्या वर्षी उजेड आणि अंधार एवढंच काय ते उरलं. तरी पठ्ठीने गणितात बी.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात. आणि आता पुण्याच्या एका संस्थेत एम.एस्सी.ला तिला जागा मिळाली होती. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास. येते की नाही ते उद्यापर्यंत कळवायचं होतं.

प्रसन्न बँकेत अधिकारी होता, पण घरातला पडदा बदलायचा तरी चार जणांना विचारून बदलायचा. "ताई म्हणेल तसं," असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. ताई म्हणजे विद्युल्लता. या घरातली पहिली इंजिनिअर, आणि बालाजी घाटाच्या मराठी मोहल्ल्यातली पहिली मुलगी जी साडी खोचून विजेच्या खांबाखाली उभी राहिली. रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होती. ती 'हो' म्हणणार हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं, की कुणी तिला आधी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि ती 'नाही' म्हणणार होती.

घाटाच्या पायऱ्या चढून ती गल्लीत शिरली तेव्हा वरून चंदनाचा आणि कैरीचा वास एकदम आला. दारात पद्मा, मैत्रेयीची आई, हातात पन्ह्याचा पेला घेऊन उभी होती.

"आलात वन्सं? आधी हे घ्या, मग बोला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज तुम्ही एकदा हो म्हणालात की मी सुटले. माळ्यावरची मोठी बॅगसुद्धा उतरवून ठेवलीय. धुऊन, उन्हात घालून."

विद्युल्लतेने पन्हं घटाघट पिऊन टाकलं, म्हणजे लगेच बोलावं लागू नये.

"दादा काय म्हणतोय?" तिने विचारलं. "तो तर आडवा पडला असेल. मुलीच्या जातीने एकटीने पुण्याला जायचं म्हणजे."

"दादांचं तुम्हीच बघा," पद्मा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. ती हसत होती, हे विद्युल्लतेला कळलं. का हसत होती, ते कळलं नाही.

दादा म्हणजे थोरला ढुंढिराज. घनपाठी. काशीतले वैदिक ज्याच्यापुढे आवाज जपून लावतात असा माणूस. वडिलांच्या मागे तळमजल्यावरची पाठशाळा तोच चालवत होता. त्याचं आणि विद्युल्लतेचं भांडण पन्नास वर्षं जुनं होतं आणि दोघांनीही ते तुपाच्या दिव्यासारखं जपलं होतं. ती आठ वर्षांची असताना पाठशाळेच्या उंबऱ्यावर बसून मुलांचं म्हणणं ऐकायची. निम्मं तर तोंडपाठ झालं होतं. एक दिवस चौदा वर्षांचा ढुंढिराज म्हणाला होता, "लते, ऊठ. मुली इथे बसत नाहीत." ती उठली ती थेट वर गेली आणि रागाच्या भरात वडिलांचा टेबलफॅन स्क्रू काढून पूर्ण खोलला. त्या रागाचंच पुढे इंजिनिअरिंग झालं, असं ती कारखान्यात सगळ्यांना सांगत असे.

आणि आज आपण दादाच्याच बाजूने बोलणार, हे तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

दिवाणखान्यात वैदिक दोन ओळींत समोरासमोर बसले होते. प्रसन्नने एकेकाला गंध लावलं, मोगऱ्याच्या माळा घातल्या, गुलाबपाणी शिंपडलं. ढुंढिराजचा मुलगा निमिष इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याला आंब्याच्या डाळीची परात आणि एक काठी देऊन खिडकीत बसवलं होतं, कारण पंचगंगा घाटाकडची माकडं वसंतपूजेची तिथी पंचांग न बघता ओळखतात. मग वेदाचा घन सुरू झाला. पहिला शब्द दुसऱ्याला जोडायचा, दुसरा उलटा पहिल्याला, मग तिसऱ्यापर्यंत जायचं, तिथून मागे यायचं, पुन्हा पुढे. हजारो वर्षं हे असंच चाललंय, ते एवढ्याचसाठी की मधलं एक अक्षरही निसटू नये. समोरासमोरच्या दोन ओळी एकमेकींचा शब्द उचलत होत्या आणि खोलीतली हवा थरथरत होती.

भिंतीशी मैत्रेयी बसली होती. मोगऱ्याची माळ तिने मनगटाला गुंडाळली होती आणि दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर वर-खाली होत होती, स्वराबरोबर, जराही न चुकता. विद्युल्लता तिच्याकडे बघत राहिली. या पोरीवर तिचा फार जीव होता. तो नसता तर 'जा' म्हणणं किती सोपं गेलं असतं.

पूजा आटोपली, दक्षिणा झाली, वैदिक डाळ-पन्हं घेऊन गेले. सतरंज्यांवर पाकळ्या पडल्या होत्या आणि घरचे तेवढे उरले होते. प्रसन्न विद्युल्लतेच्या समोर येऊन मांडी घालून बसला, डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तसा.

"हं ताई. आता सांगून टाक."

"नाही पाठवायचं," विद्युल्लता म्हणाली.

खिडकीतली काठी खाली पडली. पद्मा परात उचलायला वाकली होती ती तशीच राहिली. प्रसन्नने दोनदा पापण्या मिटल्या.

"तू?" तो म्हणाला. "तूच नाही म्हणतेस?"

"मीच म्हणू शकते. तुम्हाला कुणाला काय माहीत तिथे काय असतं?" मनात जुळवून ठेवलेलं सगळं आता भराभर बाहेर आलं. "पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये मला बसायला स्टूल नव्हतं. बायकांचं बाथरूम नव्हतं, उन्हातून क्वार्टरपर्यंत चालत जायचे. साहेबाला मला काही सांगायचं असलं की तो माझ्या शेजारच्या माणसाला सांगायचा आणि तो मला सांगायचा. पाच वर्षं. आणि मला दोन डोळे होते, चष्मासुद्धा नव्हता. हिचं काय करतील ते लोक? मैत्रेयी, तू इथेच राहा. संस्कृत घे. नाहीतर संगीत. तुझा कान एवढा—"

"ज्याला दिसत नाही त्याला सगळे संगीतच का देतात गं?" मैत्रेयी म्हणाली. ती चिडली नव्हती, तिला खरंच कुतूहल होतं. "माझं गाणं ऐकलंयस कधी?"

"आत्या, मी ऐकलंय," निमिष खिडकीतून म्हणाला. "उस दिन बंदर भी भाग गए थे. ही काठी लागली नव्हती."

पद्माला हसू आलं आणि तिने ते दाबलं. मग ती सरळ झाली. नणंदेपुढे तिचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता, आजही चढला नाही, पण परात तिने जरा जोरात ठेवली.

"वन्सं, मी तुमच्या भरवशावर होते. हे नाही म्हणतील, मोहल्ला नाही म्हणेल, पण तुम्ही आहात. आता मी कुणाकडे बघू?"

विद्युल्लतेला हे लागलं. लागलं म्हणून ती आणखी कडक झाली.

"आणि पुस्तकांचं काय? तिचा मोबाईल गोष्टीचं पुस्तक वाचतो, समीकरण आलं की बावचळतो. मग वाचून कोण दाखवणार? गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेला निमिष बसला होता ना वाचायला? काय झालं? गेलं वर्ष."

निमिषचे कान लाल झाले. "अरे, मला वाटलं एवढं तर तिला ठाऊकच असेल. वो तो सामने की बात थी. म्हणून नाही वाचलं."

"बघा," विद्युल्लता म्हणाली. "घरचा मुलगा, इंजिनिअरिंगचा, जीव लावणारा. त्याने हे केलं. परके काय करतील?"

"आत्या," मैत्रेयी म्हणाली, "मी ज्या लहरी शिकणार आहे ना, त्या कुणालाच दिसत नाहीत. कुणालाच. तिथे सगळे माझ्यासारखेच असतात. ते त्यांच्या रेघा काढून बघतात, मी त्यांचा आवाज करून ऐकणार. एवढाच फरक."

विद्युल्लतेने नुसती मान हलवली, नाही म्हणून. प्रसन्नने उसासा सोडला. मुलगी घरीच राहणार म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटत होतं आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"ठीक आहे मग," तो म्हणाला. "ताई म्हणते तर..."

"जाईल ती."

हे मोरीच्या दारातून आलं. ढुंढिराज पाय धुऊन, उपरण्याने हात पुसत उभा होता. विद्युल्लतेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दादा, कोण जाईल?"

"मैत्रेयी. पुण्याला. मी कालच तिला मुहूर्त काढून दिलाय. वर्ग सुरू व्हायच्या आधीचा गुरुवार चांगला आहे."

"तू?" आता हा शब्द विद्युल्लतेच्या तोंडी आला. "तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. एक अक्षर कळत नाही," ढुंढिराज शांतपणे म्हणाला आणि सतरंजीवर टेकला. "म्हणून तर तिला मी वाचून दाखवतो."

विद्युल्लतेने एकेकाकडे बघितलं. पद्मा पुन्हा पदराआड गेली होती. प्रसन्न पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"गेलं वर्षभर," तो पुटपुटला. "निमिषचा घोळ झाल्यापासून. रोज दुपारी, पाठशाळा सुटली की. तुला नाही सांगितलं. तू हसली असतीस."

ती हसलीच असती, हे खरं होतं. घनपाठी ढुंढिराज भौतिकशास्त्र वाचतोय, ही गोष्ट तिने कारखान्यात महिनाभर पुरवून पुरवून सांगितली असती.

"हे बघ, भावनेच्या भरात पोरीचं नुकसान नको," ती म्हणाली. "आण पुस्तक. मी स्वतः बघते. माझ्याच विषयातलं विचारते, साधं."

मैत्रेयीने उठून, भिंतीला हातही न लावता, कोनाड्यातलं जाड पुस्तक आणून दिलं. विद्युल्लतेने विजेच्या मंडलांचं प्रकरण उघडलं. ते पान तिला चेहऱ्यासारखं ओळखीचं होतं. चष्मा नाकावर चढवून तिने खडाखडा वाचून टाकलं, कारखान्यात शिकाऊ पोरांना सांगायची तसं: मंडलात कॉइल आहे, कपॅसिटर आहे, एवढं एवढं समीकरण, बाकी नेहमीचंच. आता एकदा धक्का दिला, तर करंटचं काय होईल?

मैत्रेयीची बोटं गुडघ्यावर हलली. बाहेर गल्लीत कुणीतरी सांडाला वाट मागत होतं.

"झोका घेत राहील," मैत्रेयी म्हणाली. "कायमचा. थांबणारच नाही."

विद्युल्लतेने पुस्तक मिटलं. तिला जिंकल्याचा आनंद झाला नाही.

"थांबतं गं राणी," ती हळू म्हणाली. "हळूहळू लहान होत होत मरतं. पस्तीस वर्षं बघतेय. प्रसन्न, बघितलंस? हे पहिल्या वर्षाच्या मुलाला येतं."

मैत्रेयीने काकांच्या दिशेने मान वळवली. ढुंढिराजने हात पुढे केला.

"दे बघू इकडे. कुठलं पान?"

त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं, पाठ ताठ केली आणि एक श्वास घेतला. मग उजव्या हाताने मैत्रेयीचं मनगट धरून तो वाचू लागला. चिन्हाचं नाव घ्यायचं, त्याच्या डोक्यावर काही असलं तर आवाज वर, पायाशी काही असलं तर खाली. आणि एक पद संपलं की मनगटावर अंगठ्याचा दाब.

"एल. क्यू, डोक्यावर दोन टिंबं." दाब. "अधिक. आर. क्यू, डोक्यावर एक टिंब." दाब. "अधिक. क्यू, खाली रेघ, रेघेखाली सी." दाब. "बरोबर शून्य."

मग पहिलं पद दुसऱ्याला जोडून, दुसरं तिसऱ्याला जोडून त्याने तेच पुन्हा एकदा म्हटलं. अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण एका टिंबावरही त्याची जीभ घसरली नाही.

मैत्रेयीचा चेहरा उजळला. "तीन पदं आहेत?"

"तीनच आहेत. मी काय पदरचं घालतो?"

"मग थांबेल. लहान होत होत थांबेल." ती विद्युल्लतेकडे वळली. "आत्या, तू मधलं वाचलंच नाहीस. रेझिस्टन्स."

विद्युल्लतेने पुस्तक ओढून घेतलं. मधलं पद होतं तिथेच होतं, ठळक छापलेलं. रेझिस्टन्स काय, विजेची वाट अडवणारा, प्रत्येक तारेत असतोच. तो वेगळा सांगायचा असतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने 'नेहमीचंच' म्हणून तो गिळला होता, आणि रेझिस्टन्स नसेल तर मैत्रेयीचं उत्तर अगदी बरोबर होतं. झोका कधीच थांबला नसता.

ताईच्या चुकीवर बोलायची या घरात पद्धत नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. विद्युल्लतेचे गाल तापले. मग एकाएकी ती हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, चष्मा काढून डोळे पुसत.

"पस्तीस वर्षं मोजला," ती म्हणाली, "आणि आज अख्खा खाल्ला."

मग सगळेच हसले. निमिष तर सगळ्यात मोठ्याने, त्याच्या डोक्यावरचं वर्षभराचं ओझं आत्याने वाटून घेतलं होतं.

"यंदाच्या परीक्षेला जो मुलगा वाचायला मिळाला," पद्मा म्हणाली, "त्याला हिने आधी एका दुपारी ही दादांची रीत शिकवली. पोरगा चांगला होता, लगेच शिकला. एक टिंब नाही गाळलं त्याने."

"पुण्यातही शिकवीन," मैत्रेयी म्हणाली. "वर्गातल्या सगळ्यांना. एका दुपारचं काम आहे, आत्या. त्यांना येत नाही एवढंच, त्यात काय."

विद्युल्लतेला वर्कशॉपमधलं पहिलं वर्ष आठवलं. तिला स्टूल नव्हतं तेव्हा वर्षभर ती उभी राहिली होती. मागितलं नाही. मागितलं तर म्हणतील, बघा, बाईला जमत नाही. आणि ही पोर निघाली होती ती सगळ्यांना वाचायला शिकवायला, जणू अडाणी तेच आहेत आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही.

"मला भीती वाटते गं," विद्युल्लता म्हणाली. हे वाक्य तिने आजवर या घरात कधी उच्चारलं नव्हतं. "तुला जमणार नाही म्हणून नाही. तुला एकटीला सोसावं लागेल म्हणून."

"तुझ्याबरोबर कुणी असतं तर कमी सोसलं असतंस?"

"निम्म्याने."

"मग कुणीतरी चला की बरोबर," मैत्रेयी म्हणाली. "आईला इथलं सोडता येत नाही. बाबा स्टेशनवरच रडतील."

प्रसन्नने हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि डोळे आधीच भरलेत हे लक्षात येऊन मिटलं.

"प्रसन्न," विद्युल्लता म्हणाली, "पुण्याला कळव, येते म्हणून. वर्ग सुरू होईतो मी रिटायर झालेली असेन. पहिले सहा महिने मी राहते हिच्याबरोबर. इथे नावाड्यांशी भांडते, तिथे रिक्षावाल्यांशी भांडेन."

पद्मा धावत आली आणि नणंदेच्या गळ्यातच पडली. पन्ह्याचे दोन पेले सांडले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

"यायचं तर ये," मैत्रेयी म्हणाली. "पण वाचायचं नाहीस."

"का म्हणून?"

"तू गाळतेस."

ढुंढिराज खो-खो हसला. तो असा हसलेला घरात फारसा कुणी पाहिला नव्हता. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, पुस्तक काखेत मारलं आणि जिना उतरून खाली पाठशाळेत गेला. "लते, ये इकडे," त्याची हाक आली.

ती खाली गेली. मागून मैत्रेयी, तिच्या मागे सगळे. ढुंढिराज आपल्या पाटावर बसला होता आणि समोर त्याने दुसरं आसन टाकलं होतं. विद्युल्लतेचे पाय उंबऱ्याशी आपोआप थांबले. साठीच्या बाईचे पाय, पण त्यांना अजून आठवत होतं.

ढुंढिराजने वर पाहिलं. ती का थांबली ते त्याला कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा त्याने उपरणं खांद्यावर उगाचच नीट केलं.

"उंबऱ्यावर उभ्याने मी कुणाला शिकवत नाही," तो म्हणाला. "आत येऊन बस. तेव्हाच बसायला हवी होतीस."

विद्युल्लता आत गेली आणि आसनावर बसली. मैत्रेयी तिच्याशेजारी बसली आणि आपलं मनगट तिच्या हातात दिलं, मोगऱ्याच्या माळेसकट. पुस्तक उघडलं गेलं.

"एल," विद्युल्लतेने वाचलं. "क्यू, डोक्यावर दोन टिंबं. अधिक. आर, आणि पुढे ते—"

"परत," मैत्रेयी म्हणाली. "पहिल्यापासून."

वर दिवाणखान्यात धपकन उडी ऐकू आली आणि डाळीची परात खणखणली. निमिषची काठी वरच राहिली होती. कुणी उठलं नाही. विद्युल्लतेने चष्मा सारखा केला, पोरीचं मनगट नीट धरलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.